व्हय महाराजा, बॅटरी गेली!

टोकियोच्या अकिहाबारातल्या एका जुन्या गेमच्या दुकानात, काचेच्या कपाटाबाहेर, खोका नसलेल्या कॅसेटांची एक टोपली ठेवलेली असते. त्यात हात घालून काय लागेल ते लागेल. मला 'ॲक्टरेझर' लागला. लेबलचा कोपरा फाटलेला, मागे कुणीतरी पेनाने केलेली खूण, किंमत साडेसातशे येन. निन्टेन्डोचा जुना सुपर फॅमिकॉम कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, घरी होताच, एका जपानी सहकाऱ्याने घर बदलताना दिलेला.

आमच्या लहानपणी कुडाळला व्हिडिओ गेम म्हणजे आठ-बिटवाला नकली डबा, त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा. त्यानंतरची पिढी, म्हणजे सोळा-बिटवाली, आमच्याकडे फारशी पोचलीच नाही. त्यामुळे १६ डिसेंबर १९९० ला, सुपर फॅमिकॉम बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, जपानात एनिक्स कंपनीने आणलेला हा गेम मी पहिल्यांदा चाळिशीत खेळलो. बनवला होता क्विन्टेट नावाच्या छोट्या चमूने. त्यातले मुख्य दोघे, हाशिमोतो आणि मियाझाकी, आधी 'ईस' या गेमच्या मालिकेवर काम केलेले.

गेम दोन तुकड्यांत आहे आणि ते एकमेकांना अजिबात शोभत नाहीत, हीच त्याची गंमत. तुम्ही देव आहात. शेकडो वर्षांपूर्वी सैतानाकडून हरलात, जखमी होऊन आकाशातल्या महालात झोपी गेलात, आता जाग आली आहे. खाली माणसं संपली आहेत. सहा प्रदेश राक्षसांच्या ताब्यात. एखाद्या प्रदेशात उतरायचं तर तिथल्या दगडी योद्ध्याच्या मूर्तीत शिरायचं, मूर्ती हलते, तलवार उचलते, आणि पुढची दहा मिनिटं शुद्ध मारामारी: उड्या, खड्डे, शेवटी बॉस, म्हणजे त्या टप्प्याचा मोठा राक्षस. तो मेला की पडदा बदलतो. वरून दिसणारी हिरवी जमीन, मध्ये एक छोटं देऊळ, आणि त्यातून बाहेर येणारं एक जोडपं. आता तलवार ठेवायची आणि गाव वसवायचं. गाव वसलं की पुन्हा तलवार, दुसरा टप्पा, मोठा बॉस. असं सहा वेळा.

जपानी आवृत्तीत खेळणारा सरळसरळ 'कामी', म्हणजे देवच आहे. अमेरिकेत नेताना निन्टेन्डोच्या धार्मिक गोष्टींबद्दलच्या धोरणामुळे त्याचा 'मास्टर' झाला आणि सैतानाचा 'टॅन्झ्रा'. माझं जपानी यथातथाच. मोबाईलचा कॅमेरा टीव्हीसमोर धरून वाचायचो. पहिल्याच गावातून आलेली विनवणी मोबाईलने अशी वाचून दाखवली: 'देव साहेब, झुडूप खूप आहे, कृपया.'

त्याच वेळी बाबा तीन महिन्यांसाठी टोकियोला आले होते. निशी-कासाईतलं आमचं घर दोन खोल्यांचं, बाहेर थंडी, आणि सकाळचं चालणं आटोपलं की त्यांना काही काम नाही. सोफ्यावर बसून ते माझं बघायचे.

"ह्यो देव दिवसभर करता काय?"

मी सांगितलं, लोक देवळात येतात, अडचण सांगतात, आपण ती सोडवायची. बाबा एकदम सरळ बसले. "म्हणजे गाऱ्हाणा घालतत!" आमच्या गावच्या देवळात वर्षानुवर्षं त्यांनी गाऱ्हाणं ऐकलेलं, मागे उभं राहून 'व्हय महाराजा' म्हटलेलं. त्या दिवसापासून देवळातून निरोपाची खूण झाली की सोफ्यावरून 'व्हय महाराजा' यायचंच.

आणि खरं सांगायचं तर गाव वसवण्याचा भाग त्यांना माझ्याआधी कळला. मी लढाईच्या घाईत होतो. पहिला प्रदेश फिलमोर, जंगलाचा. वीज पाडून झाडं जाळली, लोकांना रस्त्याची दिशा दाखवली, राक्षसांच्या बिळांपर्यंत नेऊन ती बिळं बंद करवली आणि धावत दुसऱ्या टप्प्याला गेलो. तिथल्या कुऱ्हाडवाल्या मिनोटॉरने मला अकरा वेळा मारला. अकरा मी मोजले नव्हते, बाबांनी मोजले.

चूक कुठे होती ती नंतर समजली. या गेममध्ये राक्षस मारून तुमचा देव ताकदवान होत नाही. तो ताकदवान होतो लोकसंख्येने. सगळ्या गावांची मिळून माणसं वाढली की लेव्हल वाढते, आयुष्याची पट्टी लांबते. आणि गाव किती वाढू शकेल याची मर्यादा ठरते लढाईत मिळवलेल्या गुणांवर. म्हणजे मारामारीत घाई केली तर गाव खुरटं राहणार, गाव खुरटं तर पुढची मारामारी जड जाणार. दोन न शोभणारे तुकडे असे आतून शिवलेले आहेत. मी शिवणच बघितली नव्हती.

मग फिलमोरला परत. गावाची प्रगती झाली तरी आधी बांधलेल्या झोपड्या तशाच राहतात, आणि त्यांत माणसं कमी मावतात. उपाय एकच: त्या झोपड्यांवर आपणच वीज पाडायची. लोक त्याच जागी मोठी घरं बांधतात. पुढे भूकंप हाताशी आला की एका फटक्यात गावभरची जुनी घरं पडतात, पक्की तेवढी उभी राहतात. मी पहिली वीज पाडली तेव्हा बाबा ओरडलेच.

"अरे, आपल्याच माणसांची घरा मोडतंस?"

त्यांना पटेपर्यंत नवी घरं उभी राहिली होती. तरी प्रत्येक विजेला त्यांची मान हलायचीच.

दुसरी युक्ती माझी स्वतःची, आणि थोडी लबाडीची. चमत्कार करायला लागणारी शक्ती भरून येते ती देवदूताने राक्षस टिपल्यावर. हा देवदूत म्हणजे पंख असलेलं गोंडस पोर, हातात धनुष्यबाण, गावावर घिरट्या घालतं. वटवाघळं माणसं उचलून नेतात, निळे राक्षस घरांवर वीज टाकतात, त्यांना याने मारायचं. सगळी बिळं लवकर बंद केली तर गाव सुरक्षित, पण शक्तीचा झराही आटला. म्हणून मी एक बीळ मुद्दाम उघडं ठेवायचो. बाहेर पडेल त्याला टिपायचं, शक्ती भरायची, चमत्कार करायचे. आपल्याच भक्तांच्या वेशीवर वटवाघळं पोसणारा देव. याबद्दल मी बाबांना काही बोललो नाही.

दुसरा प्रदेश ब्लडपूल. लाल तळं, दलदल, ऊन पाडून जमीन सुकवायची. इथे टेडी नावाचा एक मुलगा आहे. आधी तो हरवतो, त्याच्यासाठी भाकरी पाठवावी लागते, तो सापडतो. बाबांनी त्याला चांगलाच लक्षात ठेवला. मग काही काळाने गावाकडून निरोप येतो. मोबाईलने त्याची जी मोडकी वाक्यं केली ती मला तीनदा वाचावी लागली. गावाने राक्षसाला बळी द्यायला टेडीला निवडलं होतं.

मी सगळे चमत्कार चाळून पाहिले. वीज, पाऊस, ऊन, वारा. गावाला दिशा देण्याचा पर्याय. काही उपयोग नाही, कथा तशीच लिहिलेली आहे. टेडी जातो, घरचे रडतात, आणि आपण मूर्तीत शिरून किल्ल्यात उतरतो, लांडग्याचं रूप घेणाऱ्या त्या बॉसला मारायला.

"देव असान काय उपेग मगे?" म्हणून बाबा उठून चहा करायला गेले.

तिसरा प्रदेश कासांडोरा, वाळवंट. तिथे मात्र त्यांचा मूड परतला. पिवळ्या जमिनीवर पाऊस पाडला की चौकोन चौकोन हिरवे होत जातात, आणि ते बघायला कोकणातला माणूस कंटाळत नाही. पिरॅमिडमधला फॅरोचा सोन्याचा मुखवटा आम्ही दुसऱ्याच प्रयत्नात फोडला. जानेवारीत बाबा परत गेले. त्यांना सोडून नारिता विमानतळाहून घरी आलो, गेम सेव्ह केला, आणि कंपनीच्या कामाला आठवडाभर ओसाकाला गेलो.

परतल्यावर कन्सोल चालू केला. पडद्यावर 'नवा खेळ सुरू करा.' बस, तेवढंच. तीन गावं, शेकडो माणसं, बाबांचे तीन महिन्यांचे 'व्हय महाराजा', सगळं साफ.

दोष कुणाचाच नाही. या कॅसेटांत खेळ जपून ठेवणारी चिप एका सीआर२०३२ बॅटरीवर जगते, तीच घड्याळात वापरतात ती नाण्याएवढी. तीस वर्षं म्हणजे तिने फारच साथ दिली. काढायची तर कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचं खास पातं लागतं. ते मागवलं. आत हिरवी पाटी, आणि कोपऱ्यात पत्र्याच्या दोन जिभांनी डागलेली बॅटरी. कॉलेजनंतर सोल्डरिंगची बंदूक हातात घेतली नव्हती. जुनीचा डाग वितळेना, जरा जोर लावला तर पाटीवरचा तांब्याचा रस्ता उचलला जाणार, म्हणून थोडं नवं शिसं घालून दोन्ही एकत्र वितळवून काढलं. नवी लावताना धन-ऋण तीन वेळा तपासलं. बोटाला चटका बसला, पण बॅटरी बसली. खोटा खोटा खेळ सेव्ह करून कन्सोल दोन दिवस बंद ठेवला. टिकला.

दुसऱ्या खेपेला मी वेगळाच माणूस होतो. फिलमोरलाच गुण गोळा करत हळू गेलो, गाव पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याकडे वळलो नाही, आणि मिनोटॉर दुसऱ्या प्रयत्नात पडला. पुढे आइटोसच्या ज्वालामुखीत ज्वाळांच्या चाकाने दमवलं. तिथे कळलं की सपाट टीव्ही जुन्या पिवळ्या पिनच्या चित्रावर इतकी मेहनत घेतो की बटण दाबल्यावर तलवार उशिरा उठते. सेटिंगमध्ये गेम मोड लावला आणि चाक लगेच थांबलं. एवढे दिवस मी टीव्हीशी लढत होतो! मराहनाचं जंगल पटकन उरकलं. तिथल्या देवळातल्या बॉसला इंग्रजीत कालिया म्हणतात, आणि आपल्याला त्या नावाने यमुनेतलाच आठवणार. नॉर्थवॉल, बर्फाचा प्रदेश, तिथे ऊन पाडून जमीन उघडी करायची आणि झाडाच्या शेंड्यावर पंखवाल्या राक्षसाला गाठायचं.

या सगळ्याखाली युझो कोशिरोचं संगीत. तेव्हाच्या कन्सोलमधून ऑर्केस्ट्रासारखा आवाज निघतो यावर लोकांचा विश्वास बसला नसणार. पुढच्याच वर्षी त्याची खऱ्या वाद्यवृंदावर ध्वनिफीत निघाली. फिलमोरची तुतारी ऐकली की माझी पाठ अजून ताठ होते.

शेवट डेथ हाइम. सहाही मोठे बॉस एकापाठोपाठ, मग खुद्द सैतान, तोही दोन रूपांत. उल्कांचा पाऊस पाडणारी जादू मी सैतानासाठी राखून ठेवली आणि तरीही तीन रात्री हरलो. चौथ्या रात्री, साडेबाराला, तो पडला.

नंतर देवदूत तुम्हाला गावागावातून फिरवतो. लोक सुखात आहेत. आणि एका ठिकाणी देऊळ दिसतं, रिकामं. कुणी प्रार्थनेला येत नाही. राक्षस नाहीत, अडचणी नाहीत, तर देव हवा कशाला. १९९३ साली आलेल्या दुसऱ्या भागातून गाव वसवणंच काढून टाकलं, आणि मला वाटतं त्यांनी गेमचा जीवच काढला. २०२१ ची नवी आवृत्ती मी खेळलो, चांगली आहे, पण तटबंदी राखण्याच्या लढाया इतक्या आहेत की निवांत पाऊस पाडायला फुरसत मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन लावला. रिकाम्या देवळाचं सांगितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल.

"अडला काय येतले परत," ते म्हणाले. मागे कुणीतरी नारळ सोलत असल्याचा आवाज येत होता. मग जरा थांबून, "आणि तो पोरगो? ह्या खेपेक तरी वाचलो काय?"

"नाय बाबा," मी म्हटलं. "दोनय वेळा त्याकाच नेतत."