पास कुणाचा?

"पण बास्केट तर दुसरीनेच केली ना?"

अमेरिकेची बास्केटबॉलपटू स्यू बर्ड हिचा जुना व्हिडिओ बघताना भाची आज असं म्हणाली आणि ते काही डोक्यातून जाईना. अगं, पॉइंट गार्डचा, म्हणजे खेळ रचून पास देणारीचा, खेळच तो! बर्डचे डब्ल्यूएनबीएत (अमेरिकेतली बायकांची व्यावसायिक लीग) ३,२३४ असिस्ट, म्हणजे तितक्या वेळा तिच्या पासवर स्कोअर लागला दुसरीच्या नावावर, आणि २००२ ते २०२२ ही त्या लीगमध्ये फक्त सिएटल स्टॉर्म या टीमकडूनच खेळली, चार टायटल, पाच ऑलिंपिक गोल्ड, गुडघ्याची ऑपरेशन्स वेगळीच.

एवढं असून कित्येक हिवाळे रशियात जाऊन खेळायची, कारण तिथे पैसे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त. हे मला फार लागलं.

तुमच्या शाळेच्या टीममध्ये पास देणारी मुलगी कोण होती, आठवतंय का कुणाला?