पाऊसनोंद, तिवसा तालुका: कुऱ्हा आणि वऱ्हा जॉइनमधून का गळतात

मंडळी, जुलैच्या नोंदी एसक्यूलाईट (SQLite) या डेटाबेसमध्ये चढल्या. मोझरी, तळेगाव ठाकूर चोख दिसतात. पण नोंदींचं टेबल गावांच्या टेबलाशी नावावरून जोडून (म्हणजे जॉइन करून) ६५ मिलिमीटरच्या वरचे दिवस काढले की कुऱ्हा आणि वऱ्हा अर्धेच येतात. तिकडच्या मित्राचा लगेच फोन, "भाऊ, आमच्या गावचं पाणी कुठी गेलं?" प्रश्न रास्त आहे. २४ तासांत ६५च्या वर म्हणजे अतिवृष्टी. पंचनाम्याला सरकारी आकडाच चालतो, पण तो ताडून पाहायला आपली नोंद पूर्ण हवी.

आधी लेफ्ट जॉइन लावून (यात जोडी नसलेल्या ओळीही राहतात) जोडी न जुळलेल्या ओळी काढल्या. गावाचं नाव दोन्हीकडे सारखंच दिसत होतं. ट्रिमने कडेच्या मोकळ्या जागा काढूनही फरक पडला नाही. मग लेंग्थ, म्हणजे लांबी, पाहिली: एका कुऱ्ह्यात ६ अक्षरखुणा, दुसऱ्यात ७. आतले बाइट दाखवणाऱ्या हेक्सने उलगडा झाला. हा ऱ्ह तीन तऱ्हांनी टंकता येतो (कंसात अक्षरांचे युनिकोड क्रमांक): सरळ ऱ (२३५३) आणि हलन्त, साधा र (२३५२) अधिक नुक्ता (२३६४) आणि हलन्त, किंवा र, हलन्त (२३८१) आणि न दिसणारा जोडक (८२०५). फोनचा कीबोर्ड बदलला की तऱ्हा बदलते. एसक्यूलाईट मुळात बाइटला बाइट लावून तुलना करतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही तीन वेगळी गावं. युनिकोडचं एनएफसी (मजकूर एकाच ठरलेल्या रूपात आणायची रीत) पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरी मात्र तशीच राहते. तिच्यासाठी रिप्लेसमध्ये char() या फंक्शनने (क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या) हे आकडे देऊन जोडकवालं रूप सरळ ऱ वर आणलं. सगळ्या ओळी जुळल्या.

पण खरा इलाज वेगळा. नाव फक्त गावांच्या टेबलात, नोंदीत गावाचा क्रमांक. फॉरेन कीची, म्हणजे नोंदीतला क्रमांक गावांच्या टेबलात आहे का याची, तपासणी एसक्यूलाईटमध्ये सहसा बंदच असते, प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा ही सेटिंगची आज्ञा देऊन चालू करावी लागते. हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर नसलेल्या गावाचा पाऊसही मुकाट्याने आत जातो.

सरासरी फुगलेली दिसते, असंही काहींनी विचारलं. मापक पाहिलाच नाही तर नल (NULL, म्हणजे आकडाच नाही), पाऊस नव्हता तर शून्य. सरासरी नल मोजत नाही, म्हणून कोरड्या दिवशी रकाना रिकामा सोडू नका. आणि नल शोधताना बरोबरचं चिन्ह (=) चालत नाही, इज नल (IS NULL) लिहा.

'डेटाबेस इज लॉक्ड' आलं तर बिझी टाइमआउट (थांबून वाट पाहण्याचा वेळ) वाढवा, वॉल (WAL) मोड, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत, लावा.

पुढचं काम: गाव क्रमांक आणि तारीख यांवर युनिक बंधन, म्हणजे ही जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणं. एकाच दिवसाची नोंद दोघं पाठवतात, त्यातली कोणती ठेवायची ते आधी ठरवू.