टाइल्सच्या आधीचं बाथरूम

बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे पडायला लागले, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की वरवर डागडुजी नको, सगळं खालपासून नव्याने करू. आणि जमेल तेवढं स्वतःच करू. नवऱ्याचा हात हत्यारांवर बसलेला आहे, मला मोजमापाची आवड. विजेचं काम मात्र आधीच बाजूला काढलं. गिझरची लाइन, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हे जाणकार वायरमनचंच काम. ओल्या जागेत विजेशी खेळ नको, यावर दोघांचं एकमत होतं.

तोडफोड करताना ताकदीपेक्षा सांभाळणं जास्त असतं. पाण्याचा मुख्य कॉक बंद केला, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीखालच्या भागाच्या, तोंडात चिंध्या कोंबून वरून पिशवी बांधली, कारण राडारोडा एकदा त्या पाइपात गेला की काढणं मुश्कील. तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही. टाइल आणि सिमेंटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते, म्हणून चांगला मास्क आणि चष्मा दोघांनीही शेवटपर्यंत काढला नाही.

जुनी फरशी निघाली आणि ओलीचं कारण समोर आलं. ट्रॅपभोवतीचं सिमेंट पाइपापासून सुटलं होतं आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या सिमेंटच्या थरात, मुरत होतं. वरच्या टाइल्स धडधाकट! एकीलाही तडा नव्हता. ते बघितल्यावर कामाचा सगळा क्रमच आमच्या डोक्यात बदलला. टाइल्सचा रंग कोणता, ही चर्चा मागे पडली.

आधी पाइप. भिंतीत झिरी मारून सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) नवी लाइन टाकली, गरम डावीकडे, गार उजवीकडे. गिलावा करण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने लाइनमध्ये दाब भरला. दाब दाखवणारा काटा हळूहळू उतरायला लागला. टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघितला, तेव्हा एका एल्बोच्या (काटकोनी जोडाच्या) कडेला बारीक थेंब धरताना दिसला. तेवढा तुकडा कापून नवा बसवला, सॉल्व्हंट पूर्ण सुकू दिलं आणि पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही, तेव्हाच झिरी बुजवल्या. त्याआधी मी भिंतीला मोजायची टेप लावून प्रत्येक पाइपचे फोटो काढून ठेवले.

ढाळ हा मला या कामातला सगळ्यात नाजूक भाग वाटतो. मीटरला साधारण एक ते दीड सेंटिमीटर उतार हवा. कमी पडला तर पाणी साचतं, जास्त झाला तर पाय घसरतो. मी म्हटलं, “दिसायला तर सपाटच छान दिसेल ना?” त्यावर हा म्हणाला, “अगं, आत्ता ढाळ नाही मिळाला तर रोज वायपर फिरवत बसावं लागेल.” लेव्हल पाइपने चारही भिंतींवर खुणा केल्या, प्रत्येक कोपऱ्यापासून ट्रॅपपर्यंत दोरी ताणली आणि त्या दोरीबरहुकूम कोबा घातला. दाराशी जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा खालीच ठेवली.

मग वॉटरप्रूफिंग. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवला नाही, मसाल्याची गोलाई, म्हणजे गवंडी म्हणतात तो वाटा, काढला, कारण भेगा आधी कोपऱ्यातच पडतात. त्यावर आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी दाबून सिमेंटमध्ये मिसळायच्या पॉलिमर कोटिंगचे दोन हात दिले. पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा, म्हणजे ब्रशच्या रेघांमध्ये राहिलेली बारीक छिद्रं बुजतात. भिंतींवर कोटिंग फूटभर वर नेलं, शॉवरच्या बाजूला थेट डोक्याच्या वरपर्यंत.

कोटिंग नीट वाळल्यावर ट्रॅप बंद करून जमिनीवर पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारली. ही चाचणी किमान 24 तास तरी करावी, आम्ही 48 तास पाणी ठेवलं. घाई असते, खोलीभर सामान पसरलेलं असतं, अंघोळीची पंचाईत असते, तरीही ही पायरी कुणी गाळू नये असं मला कळकळीने वाटतं. गळती सापडलीच तर या टप्प्यावर ब्रश आणि थोडं कोटिंग पुरतं. टाइल्स बसल्यावर पुन्हा छिन्नी हातात घ्यावी लागते. आमची पातळी रेघेवरून सरकली नाही आणि खालच्या छतालाही ओल दिसली नाही.

जमिनीसाठी मोठ्या टाइल्सचा मोह टाळला. ढाळ चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतरतो, त्यामुळे मोठी टाइल कापल्याशिवाय नीट बसत नाही. फूटभराच्या, खरखरीत पृष्ठभागाच्या घेतल्या. भिंतीला व्हिट्रिफाइड होत्या. त्या पाणी जवळजवळ शोषत नाहीत, म्हणून नुसत्या सिमेंटवर धरत नाहीत, टाइल अॅडेसिव्हच लागतं. भिंतीची सुरुवात दुसऱ्या ओळीपासून केली, खाली सरळ पट्टी ठोकून तिच्या आधाराने. सगळ्यात खालची ओळ जमीन झाल्यावर मापाने कापून बसवली, म्हणजे कापलेली कडा खाली जाते आणि वरच्या रेषा सरळ राहतात. मधूनमधून एखादी नुकती लावलेली टाइल उचलून मागे अॅडेसिव्ह सगळीकडे लागलंय का ते बघायचो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर टिचकी मारून आवाज ऐकायचा, हे काम माझ्याकडे. पोकळ वाजली की तिच्यावर खूण.

सांधे इपॉक्सी ग्राउटने भरले. कोपऱ्यांत मात्र ग्राउट नाही, सिलिकॉन. दोन पृष्ठभाग किंचित वेगवेगळे हलतात आणि तिथे कडक ग्राउट तडकतं.

शेवटी टॉवेलची दांडी राहिली होती. ड्रिल हातात घेतल्यावर नवऱ्याने आधी माझ्याकडून टेप लावलेले ते फोटो मागितले. जिथे छिद्र पाडणार होतो, तिथून चार बोटांवर गरम पाण्याची लाइन जात होती. दांडी थोडी उजवीकडे सरकवली.