१८० डॉलरचं कुजकं लाकूड

गेल्या महिन्यात कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं: ‘मागील अंगणात कुजणारे लाकूड. चौदा दिवसांत हटवावे, अन्यथा दंड.’ सोबत कुंपणापलीकडून काढलेला माझ्याच ओंडक्याचा फोटो. आपल्याकडचे सेक्रेटरी निदान जिन्यात गाठून भांडतात हो. मिशिगनमध्ये सहा वर्षं झाली. थंडीची सवय झाली, बेचव टोमॅटोची झाली, पण सकाळी हसून हात हलवायचा आणि दुपारी तक्रार करायची, ही रीत अजून अंगवळणी पडत नाही. तीन दिवस मी मनातल्या मनात उत्तरं लिहीत होते. एकही पाठवलं नाही.

तो ओंडका मी मुद्दाम कुजवत होते, हे सांगणार तरी कसं?

खूळ डोक्यात शिरलं ते मागच्या वर्षी. इथल्या जत्रेत एका आजोबांकडे मेपलचा वाडगा पाहिला. सायीच्या रंगाचं लाकूड आणि त्यावर बारीक काळ्या रेषा, शाळेत नकाशात तालुक्यांच्या हद्दी काढायचो तशा. किंमत १८० डॉलर. त्या खरंच हद्दीच निघाल्या! एका लाकडात दोन बुरश्या समोरासमोर आल्या की आपापला इलाखा राखायला मेलॅनिनची भिंत घालतात. वाडगा कातला की त्या भिंतीचा काप आपल्याला रेष म्हणून दिसतो. याला इथे ‘स्पॉल्टेड’ लाकूड म्हणतात. काही बुरश्या लाकूड नुसतं पांढुरकं करतात, एक तर चक्क मोरपिशी रंगवते. तसले तुकडे युरोपातल्या कारागिरांनी १५व्या-१६व्या शतकातच जडावकामात वापरले होते.

बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन. “अगं, असली लाकडं आपण बंबात घालायचो!”

आठवलं. पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्यात मागचा आंबा पडला, त्याचे तुकडे दोन पावसाळे मोरीपाशी भिजत होते. फोडले की आत अशाच रेषा. आजी म्हणायची, मेलं नुसतं धुरतंय.

आता ‘गोरे कुजक्याचं सोनं करतात आणि आपण जाळतो’ असं लगेच म्हणू नका. घरात सात माणसांच्या आंघोळी होत्या. शिवाय आपली नजर घडली सागवान आणि शिसवीवर, ज्यांच्या गाभ्याला बुरशी सहसा शिवत नाही. ज्यांची लाकडं मुळात टिकत नाहीत, त्यांनाच कुजण्यात सौंदर्य शोधावं लागतं. (हे मेपलवाल्या आजोबांना सांगितलेलं नाही.)

बाबा मात्र पेटले. आषाढात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आंब्याचा ओला तुकडा आणला, रंगाच्या रिकाम्या बादलीत ओल्या भुशात पुरला, झाकणाला भोकं पाडली आणि बादली कोथरूडच्या ड्राय बाल्कनीत ठेवली. बुरशीला ओल, हवा आणि वीस ते तीस अंशांची ऊब लागते. पुण्याचा श्रावण म्हणजे तिचं माहेरच. इथे माझा ओंडका थंडीभर नुसता झोपून असतो. आई रोज म्हणायची, “घरात कुजवायचं आणि वर झाकण काढून बघायचं!” मी फोनवर एकच धोशा लावला होता: मास्क लावा, तो भुगा छातीत जाऊ देऊ नका.

गणपतीनंतर तुकडा काढला. वर कापसासारखं पांढरं. ते पुसलं, तर कोपऱ्यातून निघून मधोमध वळलेली एकच काळी रेघ. आणखी महिनाभर राहिला असता तर पार पोचट झाला असता. सावलीत वाळवला, ओल वीस टक्क्यांखाली गेली की बुरशी थांबते. एका बाजूला नख रुतत होतं, तिथे पातळ फेविक्विक जिरवलं. मग कातारी शोधण्यात पंधरा दिवस गेले. तो म्हणाला, “काका, चांगलं लाकूड देऊ का?”

दिवाळीत करंडा तयार झाला. माझा ओंडका टबात बसून गॅरेजमध्ये गेला, पत्रव्यवहार मिटला. करंड्यात कुंकू ठेवायला आईनं साफ नकार दिला. सध्या त्यात बाबांच्या बीपीच्या गोळ्या आहेत.