पहिला वॉटर लूप: ‘यादी द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

“कस्टम वॉटर कूलिंग पहिल्यांदाच करतोय. पार्ट्सची यादी देता का?” हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की उत्तर पाठ व्हायला हवं होतं. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा कूलंटचा रंग ठरवलेला असतो आणि बाकीचं सगळं ठरायचं असतं. मी यादी देत नाही. त्यावरून एक-दोघं रुसलेही आहेत. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. अगदी नवख्यांसाठी: लूप म्हणजे संगणकातली पाण्याची बंद फेरी. पंप कूलंट (आत भरायचं द्रव) फिरवतो, ते प्रोसेसर-ग्राफिक्स कार्डावर बसवलेल्या धातूच्या ब्लॉकमधून उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये ती सोडतं, आणि रिझर्व्हॉयर म्हणजे या फेरीतली छोटी टाकी.

यादी न देण्याचं कारण माझ्या पहिल्या लूपमध्ये आहे. सगळं मी यादीवरूनच घेतलं होतं. हार्ड ट्यूब, त्यात काटकोनी वळणं, दुधासारखं पांढरं कूलंट. देखणा दिसायचा, नाकारत नाही. सात आठवड्यांनी रॅमची एक पट्टी मेली. एरवी रॅम बदलणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. पण माझी एक नळी नेमकी रॅमच्या डोक्यावरून गेलेली. ती काढायची तर आधी लूप रिकामा करायला हवा, आणि रिकामा करायला मी वाटच ठेवली नव्हती. शेवटी आम्ही दोघांनी ते अवजड कॅबिनेट उचललं आणि बादलीवर तिरकं धरलं. बादलीत गेलं त्याहून जास्त जमिनीवर गेलं. उरलेलं रेडिएटरच्या पोटात डचमळत राहिलं. शनिवार तर गेलाच, रविवारही गेला.

तेव्हापासून कुठलाही पार्ट हातात घेतला की मी एकच बघते: हा पुन्हा उघडायचा झाला तर किती वेळ लागेल? लूप एकदा भरला की झालं, असं नवख्याला वाटतं. तसं नसतं. तो उघडावा लागतोच. कूलंट बदलायला, कार्ड बदलायला, नाहीतर एखादी केबल निसटली म्हणून.

त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर: याची गरज आहे का? फक्त प्रोसेसरसाठी करत असाल तर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोसेसरची उष्णता नखाएवढ्या चिपमधून निघते आणि वरच्या धातूच्या झाकणातून बाहेर येते. ती तिथेच, पाण्यापर्यंत पोचण्याआधीच अडते. त्यामुळे प्रोसेसरवरच्या चांगल्या एअर कूलरवरून (पंखा लावलेल्या हीटसिंकवरून) कस्टम ब्लॉकवर गेलात तरी फरक खर्चाच्या मानाने किरकोळ पडतो. ग्राफिक्स कार्डाची गोष्ट निराळी. तिथे चिप मोठी असते, वर झाकण नसतं, ब्लॉक थेट चिपला टेकतो. आरटीएक्स ४०९० सारखं ४५० वॅटचं कार्ड पाण्याखाली घेतलं की तापमान तर दणकून उतरतंच, पण मुख्य म्हणजे आवाज जातो. माझ्या लेखी लूप करायचं खरं कारण हा आवाजच. आणि हौस हेही कारण आहे, ते लपवायची गरज नाही.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करते. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त वाहून नेतं. ती शेवटी रेडिएटर आणि पंख्यांनी खोलीतच सोडायची असते. म्हणजे खोलीच्या तापमानाखाली काहीही जाणार नाही, आणि खोली मात्र तेवढीच तापेल.

तर सुरुवात रेडिएटरपासून, म्हणजे खरं तर कॅबिनेटपासून. रेडिएटरची मापं पंख्यांवरून पडतात: १२० मिलीमीटरचे तीन पंखे बसतात तो ३६०, १४० चे दोन बसतात तो २८०. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही लूपमध्ये असतील तर मी एक ३६० आणि एक २४० यापेक्षा खाली जाणार नाही, आणि जागा असेल तर दोन्ही ३६० घेईन. एवढं क्षेत्रफळ मिळालं की पंखे हळू फिरवून भागतं. ‘३६० बसतो’ असं कॅबिनेटच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, पण कुठल्या जाडीचा ते लिहिलेलं नसतं. सडपातळ रेडिएटर साधारण ३० मिलीमीटरचा, वर पंखा २५ चा, म्हणजे झाले ५५. वरच्या बाजूला लावणार असाल तर हे ५५ मिलीमीटर रॅमच्या पट्ट्या आणि मदरबोर्डच्या हीटसिंकना भिडतात का, ते पट्टी घेऊन मोजा. साठ मिलीमीटरचे जाडजूड रेडिएटर मला पहिल्या लूपसाठी पटत नाहीत. जागा खातात, हात आत शिरत नाही, आणि हळू फिरणाऱ्या पंख्यांना त्यांचा फायदा पुरता घेता येत नाही. पंखे मात्र रेडिएटरसाठीचे, म्हणजे स्टॅटिक प्रेशर चांगलं असलेले घ्या. दाट पत्र्यांमधून हवा ढकलायला दाब लागतो.

धातूबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. ब्लॉक तांब्याचा किंवा निकेल चढवलेल्या तांब्याचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. त्याच लूपमध्ये ॲल्युमिनियम कुठेही नको. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. कूलंटमध्ये गंजरोधक असतं, त्याने हे लांबतं, टळत नाही. स्वस्त किटमधला रेडिएटर कशाचा आहे हे लिहिलेलं नसेल तर तो घेऊ नका, इतकं साधं आहे. किट पूर्ण ॲल्युमिनियमचं असेल तर चालतं, पण पुढे त्यात तांब्याचा ब्लॉक जोडता येणार नाही.

आता ग्राफिक्स ब्लॉक. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा रेंगाळते. प्रोसेसरचा ब्लॉक सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची खोबण) बघून घेता येतो. एएम५ किंवा एलजीए१७००, जे सॉकेट असेल त्याचा ब्रॅकेट मिळाला की काम झालं. कार्डाचं तसं नाही. एकाच चिपची कार्डं निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या बोर्डांवर बनवतात. कॅपॅसिटर इकडचा तिकडे, स्क्रूची भोकं वेगळी, पॉवर कनेक्टर वेगळ्या जागी. ब्लॉक चिपसाठी नव्हे, त्या नेमक्या बोर्डासाठी कोरलेला असतो. त्यामुळे ‘४०९० चा ब्लॉक’ असा प्रकारच नसतो. कार्डाचं पूर्ण मॉडेल आणि शक्य असेल तर बोर्डाची आवृत्ती बघा, ब्लॉक बनवणाऱ्याच्या सुसंगतता-यादीत ते शोधा, आणि नसेल तर ‘जवळपास तेच आहे’ म्हणून जाऊ नका. कार्ड अजून घ्यायचं असेल तर उलट्या क्रमाने जा: आधी ब्लॉक कोणत्या कार्डांना मिळतो ते पाहा, मग कार्ड घ्या.

ब्लॉकसोबत थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या, येतात. त्यांच्या जाड्या वेगवेगळ्या असतात आणि मेमरीवर कुठला, पॉवरच्या भागांवर कुठला, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. अर्ध्या मिलीमीटरने जास्त जाड पॅड चुकीच्या जागी गेला तर ब्लॉक चिपवर नीट टेकतच नाही, आणि तुम्ही पंपाला दोष देत बसता. (मी बसले होते. संध्याकाळभर.) मूळ कूलर, त्याचे सगळे स्क्रू आणि पॅड एका डब्यात जपून ठेवा. कार्ड विकायचं किंवा वॉरंटीत द्यायचं झालं तर ते लागतात. आणि कूलर काढल्यावर वॉरंटी राहते की नाही, हे खोलण्याआधी वाचा.

पंपात फार डोकं घालू नका. डी५ प्रकारचा घ्या, शक्यतो पीडब्ल्यूएमचा, म्हणजे वेग मदरबोर्डवरून कमी-जास्त करता येतो. डीडीसी हा दुसरा प्रकार लहान असतो, दाब जास्त देतो, पण जास्त तापतो. छोट्या कॅबिनेटसाठी ठीक. डी५ मी निम्म्या-पाऊण वेगाने चालवते. पंप आणि रिझर्व्हॉयर एकत्र जोडलेला संच घेतलात तर दोन फिटिंग (नळी जोडायचे जोड) वाचतात. पंपाचं बेअरिंग पाण्यावरच वंगण घेतं, म्हणून तो कोरडा चालवायचा नाही, दहा सेकंदही नाही. रिझर्व्हॉयर पंपाच्या वर असला की हा धोका बराच टळतो.

नळ्यांवरून वाद होतात. पहिल्या लूपला सॉफ्ट ट्यूबच. हार्ड ट्यूब वाईट नाही, पण ती वाकवायला हीट गन, आत सरकवायचा सिलिकॉनचा दोर, कापलेल्या कडा घासायचं हत्यार आणि बराच संयम लागतो. त्यात पीईटीजी प्लास्टिकची हार्ड ट्यूब उष्णतेला ॲक्रिलिकच्या ट्यूबपेक्षा आधी नरमते. सॉफ्ट ट्यूब कात्रीने कापायची, खोचायची, नट आवळायचा. चुकली तर परत कापायची. वर मी दोन बोटं ढील ठेवते, म्हणजे कार्ड किंचित बाजूला करायला लूप फोडावा लागत नाही.

नळीवर १०/१६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आतला व्यास १० आणि बाहेरचा १६ मिलीमीटर. फिटिंगवरही हीच जोडी हवी. १०/१३ च्या फिटिंगमध्ये १०/१६ ची नळी बसणार नाही. जाड भिंतीची १०/१६ वळणावर सहसा चिमटत नाही म्हणून मला ती आवडते. पारदर्शक नळ्या काही महिन्यांत ढगाळतात, कारण त्यांना मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर हळूहळू पाण्यात उतरतो आणि ब्लॉकमध्येही जाऊन चिकटतो. काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला बागेतल्या पाइपासारखी, पण त्यात हा प्रकार नाही. माझ्या सध्याच्या लूपमध्ये तीच आहे. फोटो चांगले येत नाहीत.

फिटिंगचं बजेट सगळेच चुकवतात. प्रत्येक पार्टला एक आत, एक बाहेर. दोन ब्लॉक, दोन रेडिएटर, एक पंप-रिझर्व्हॉयर म्हणजे दहा झाल्या. मग तीन-चार फिरत्या काटकोनी, मग ड्रेनसाठी, म्हणजे लूप रिकामा करायच्या वाटेसाठी, एक टी (तीन तोंडांचा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह आणि एक बूच. बेरीज करून बघा, एका ब्लॉकच्या किमतीला भिडते. आटे जवळपास सगळीकडे जी १/४ या एकाच मापाचे असतात, त्यामुळे कंपन्या मिसळल्या तरी चालतं. गळती थांबवायचं काम आटे करत नाहीत, ओ-रिंग (रबरी कडं) करते. म्हणून नळावर गुंडाळतात ती पांढरी टेप इथे नको, आणि पान्याने आवळणंही नको. हाताने, घट्ट लागेपर्यंत, बस.

ड्रेन हा या यादीतला माझा सगळ्यात लाडका पार्ट. जागा लूपमधली सगळ्यात खालची. सोबत वर कुठेतरी हवा आत यायला एक तोंड हवं, नाहीतर व्हॉल्व्ह उघडूनही पाणी अडून बसतं.

क्रम कोणता, आधी प्रोसेसर की आधी कार्ड? काही फरक पडत नाही. मिनिटाला ३ लिटर प्रवाह आणि एकूण ५०० वॅट उष्णता धरली तर अख्ख्या फेरीत पाणी जेमतेम अडीच अंश तापतं. नळी जिथून सोपी जाईल तिथून न्या.

कूलंट पहिल्यांदा तरी पारदर्शक घ्या, तयार मिश्रण, ज्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक दोन्ही आहेत. रंग हवा तर दिव्यांचा द्या. दुधी कूलंटमध्ये बारीक कण तरंगत असतात. ते ब्लॉकच्या आतल्या केसाएवढ्या चिरांमध्ये जाऊन बसतात, मग ब्लॉक खोलून जुन्या टूथब्रशने घासावा लागतो. आणि ‘कंडक्टिव्ह नाही’ (वीज वाहत नाही) या लेबलवर विसंबून राहू नका. पाणी लूपमध्ये फिरलं की धातूचे आयन उचलतंच.

पाण्याच्या तापमानाचा छोटा सेन्सर घ्यायला कुणी सांगत नाही, मी सांगते. एक लिटर पाणी ५०० वॅटने एक अंश तापायला आठ सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे प्रोसेसर क्षणभर उसळला तरी पाण्याला पत्ता नसतो. पंखे प्रोसेसरच्या तापमानावर लावले तर ते उगाच ओरडत-थांबत राहतात, पाण्याच्या तापमानावर लावले तर एका लयीत चालतात. मदरबोर्डवर त्यासाठी दोन पिनांची जागा आहे का, तेवढं बघून घ्या.

शेवटची खरेदी कंटाळवाणी आहे. हवेच्या दाबाने गळती तपासायचा हातपंप, पॉवर सप्लायच्या चोवीस पिनच्या प्लगला लावायचा जंपर म्हणजे बाकी संगणक बंद ठेवून फक्त पंप फिरवता येतो, सुट्या ओ-रिंगांचं पाकीट, आणि रेडिएटर आतून धुवायला भरपूर डिस्टिल्ड वॉटर. नवीन रेडिएटरमध्ये कारखान्यातला फ्लक्स (डाग देताना लावलेलं रसायन) आणि धातूचा चुरा निघतो. पहिलं पाणी बघाल तेव्हा कळेल.

मागच्या महिन्यात मला कार्डाचे पॅड बदलायचे होते. बॉल व्हॉल्व्हला नळी लावली, दुसरं टोक बादलीत सोडलं, वरचं बूच उघडलं. लूप रिकामा व्हायला सहा मिनिटं लागली, जमीन कोरडी.

तर यादी हवीच असेल तर मला दोन गोष्टी पाठवा: ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण मॉडेल, आणि कॅबिनेटच्या आतल्या वरच्या भागाची मिलीमीटरमध्ये मोजलेली उंची. रंगाचं मागाहून बघू.