रेव्हसुंद तळ्याकाठची एकादशी

स्वीडनमधल्या सेलोंगेरच्या पडक्या चर्चपाशी नमस्कार करून निघालो, त्याला आठवडा तरी झाला असेल. दिवसांचा हिशोब राहिलाच नाही, कारण इथे जुलैत अंधारच पडत नाही. रात्री अकराला झाडाच्या शेंड्यावर ऊन आणि तंबूत आम्ही जाग्या. टोर्पशामर, बोर्गशो, येम्टक्रोगेन ही गावं मागे पडली एवढंच आठवतं.

वन्सं दोनदा आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेल्या. यंदा आमच्याकडे सुंड्सवालला आल्या आणि आषाढ लागताच त्यांची चुळबुळ सुरू झाली. म्हटलं, इथेही एक वाट आहे. नॉर्वेचा ओलाव्ह राजा 1030 मध्ये देशोधडीतून परतला, तो सेलोंगेरला उतरून याच मुलखातून नॉर्वेला गेला आणि 29 जुलैला स्तिक्लेस्तादच्या लढाईत पडला. पुढे लोक त्याला संत मानून निदारोसला, म्हणजे आताच्या ट्रोंडहाइमला, त्याच्या समाधीकडे चालत जाऊ लागले. वन्संनी एवढंच विचारलं, "किती दिवसांचं आहे, वहिनी?"

पहिल्या दिवसापासून त्यांची एकच तक्रार. "अहो, इथे माऊली म्हणायला कुणी भेटतच नाही!" खरंच होतं ते. ब्रेक्के कोम्यून म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुकाच, पण पसारा तीन हजार चौरस किलोमीटरांच्या वर आणि माणसं जेमतेम सहा हजार. स्प्रूसचं जंगल, दलदल, तळं, परत जंगल. मध्येच ई-14 महामार्गाच्या कडेकडेनं चालावं लागतं आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. वन्सं मोठ्यानं अभंग म्हणायच्या आणि मला त्याचा राग यायचा. टाळ नाही, मागे ओढणारं कुणी नाही, एकटा आवाज झाडांत विरून जायचा. मी दहा पावलं पुढे चालायचे. डोळ्यांत, कानांत, केसांत बारीक माश्या. त्यांना इथे क्नोट म्हणतात, डासांपेक्षा वाईट. ब्रेक्के गावात पोचलो तेव्हा आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. उत्तरेकडची रेल्वे इथूनच फुटते. स्टेशनच्या बाकावर बसून बिस्किटं खाल्ली आणि निघालो.

एकादशी येल्लो गावाच्या पुढे लागली. वन्संचा कडक उपास, माझाही. दुपारी माझ्या डाव्या टाचेला आलेला फोड फुटायच्या बेतात होता. रेव्हसुंद तळं झाडांमधून दिसत होतं, चालवत मात्र नव्हतं. एका लाल घराच्या फाटकापाशी मी बसले ती बसलेच.

घरातून एक आजीबाई आल्या. पंचाऐंशीच्या तरी असतील. काही न विचारता आत गेल्या आणि पत्र्याच्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन आल्या. वाकून स्वतः माझा बूट काढायला लागल्या. मी "नको, नको" म्हणत राहिले. वन्संनी तोवर पिशवीतून सुई आणि काळा दोरा काढला होता. सुई काडेपेटीवर तापवली, फोडातून दोरा आरपार ओवला आणि टोकं बाहेर ठेवली, पाणी झिरपून जावं म्हणून. आजी डोळे बारीक करून बघत होत्या. मान हलवली, आत जाऊन चिकटपट्टी आणली आणि दोऱ्याची टोकं सांभाळून ती वरून लावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. माझ्या टाचेवर दोघींचे हात होते आणि मला एकदम रडू आलं. दुखत होतं म्हणून नव्हे.

मग खाणं. आजींनी तुनब्रोद आणलं, भाकरीएवढी पातळ पोळी. वन्संनी हात जोडले. मी स्वीडिशमध्ये समजावलं की आज आमचा उपास, धान्य चालत नाही. मग काय चालतं? बटाटा चालतो, दूध चालतं, फळं चालतात. आजी हसल्या. इथे दुसरं होतंच काय, म्हणाल्या. उकडलेले बटाटे, लोणी, मीठ आणि वाटीभर युर्त्रोन, मागच्या वर्षी दलदलीतून वेचून ठेवलेले. केशरी, आंबटगोड, बिया दाताखाली येणारे. वन्संनी आधी विठ्ठलाला नैवेद्य दाखवला. आजी तेवढा वेळ उभ्या राहिल्या.

त्यांचे वडील यीमोन नदीत लाकडाचे ओंडके सोडायचे. या तळ्याचं पाणी यीमोनमधून युंगान नदीला मिळतं, ते टोर्पशामरला, जिथून आम्ही चालत आलो होतो तिथेच. धावपटू गुंडेर हेग इथल्याच कोम्यूनमधला, आल्बाकेनचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. 1945 मध्ये तो मैलभर 4 मिनिटं 1.4 सेकंदांत धावला आणि 1954 पर्यंत तो विक्रम कुणाला मोडता आला नाही.

पुढचं गाव पिल्ग्रिमस्टाद. नावातच यात्रेकरू. हा सगळा प्रांत, येम्टलांड, 1645 च्या तहात स्वीडनकडे आला. त्याआधी तो नॉर्वेचा होता आणि नॉर्वेत 1537 मध्ये धर्मसुधारणा झाली तशी ओलाव्हची यात्रा थांबली. वाट पुन्हा आखून खुली केली 2013 मध्ये. मधली पावणेपाचशे वर्षं यात्रेकरू नसताना गावानं नाव टिकवलं. मी सांगितलं तर वन्सं कितीतरी वेळ गप्प चालल्या. गावातल्या झऱ्यावर त्यांनी तांब्या भरला. पाणी इतकं गार की दात शिवशिवले.

दुसऱ्या दिवशी चढ लागला. टाच ठणकत होती, पण दोरा काम करत होता. वर पोचल्यावर मी नकाशा पाहिला. इथून पुढचे ओढे स्टूरशॉन या मोठ्या तळ्याकडे जातात, यीमोनकडे नाही. वन्संना सांगितलं, इतके दिवस पाणी आपल्या उलट वाहत होतं, आता ते आपल्याबरोबर निघालंय.

त्यांनी ओढ्यात हात बुडवला आणि अभंग सुरू केला. या वेळी मी पुढे गेले नाही. टाळी धरली.