तुम्ही विचारलंत म्हणून: नुसती कार्ट्रिज घ्यावी की खोक्यासकट?

जुने व्हिडिओ गेम जमवायला लागलेला माणूस लवकरच हे विचारतो: नुसती कार्ट्रिज (कन्सोलमध्ये, म्हणजे खेळायच्या यंत्रात, खोचायची गेमची प्लास्टिकची डबी), म्हणजे ‘लूज’ घेऊ, की खोकं, मॅन्युअल आणि आतले कागद धरून ‘कंप्लीट’ घेऊ? उत्तर कन्सोलप्रमाणे बदलतं, पण एक गोष्ट बदलत नाही. ज्या गेमचं खोकं तुम्हाला कधी ना कधी हवंच आहे, तो पहिल्यांदाच खोक्यासकट घ्या. बाकीचे बिनधास्त लूज घ्या.

आधी खोकं कशाचं होतं ते बघायचं. निन्टेंडोने एनईएस, सुपर निन्टेंडो, एन ६४ आणि गेम बॉय या आपल्या कन्सोलचे गेम पातळ पुठ्ठ्यात विकले. मुलांनी झाकण फाडलं, कार्ट्रिज काढली आणि खोकं कचऱ्यात गेलं. म्हणून तिथे लूज कार्ट्रिज मुबलक आणि धड खोकी दुर्मीळ. नुसत्या खोक्याला कार्ट्रिजपेक्षा जास्त पैसे पडतात, असंही पुष्कळदा होतं. सेगाने आपल्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलचे गेम मात्र पुस्तकासारख्या उघडणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत दिले. ती पेटी शेल्फवर ठेवण्याजोगी असल्यामुळे टिकली. (अमेरिकेत शेवटी शेवटी सेगाही पुठ्ठ्यावर उतरली, तेवढा अपवाद.) मेगा ड्राइव्हचा गेम लूज घेण्यात फारसा अर्थ नाही.

डिस्कवरच्या गेमचंही तेच. केसबाहेर फिरलेल्या डिस्कवर ओरखडे असायचेच. प्लेस्टेशनची साधी केस फुटली तर साध्या सीडीची नवी केस बसते, मोल असतं ते आतल्या छापील कागदांचं. सेगाच्याच सॅटर्न कन्सोलच्या अमेरिकन गेमची उंच केस मात्र ठिसूळ असते आणि तिला असा सहज पर्याय नाही. तिथे फोटोत बिजागरी नीट बघून घ्या. जपानी डिस्क घेताना केसच्या कण्यावरची कागदी पट्टी आहे का ते विचारा. तिच्याशिवाय जपानी संच पूर्ण धरत नाहीत.

आता लोक सगळ्यात जास्त फसतात तिथे येऊ. ‘आत्ता कार्ट्रिज घेतो, खोकं आणि मॅन्युअल सावकाश मिळवतो’ हा बेत कागदावर स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात सुट्या भागांची बेरीज बहुधा संचाच्या वर जाते, आणि म्हणूनच काही विक्रेते चांगले संच मोडून विकतात. शिवाय जुळवलेला संच खरंच जुळतो असंही नाही. एनईएसच्या पहिल्या ‘झेल्डा’चं उदाहरण घ्या. त्याच्या १९८७च्या अमेरिकन खोक्याला पुढून एक खिडकी कापलेली आहे आणि तिच्यातून सोनेरी कार्ट्रिज दिसते. पुढच्या आवृत्तीत हाच गेम करड्या कार्ट्रिजमध्ये आला. खिडकीतून करडं प्लास्टिक दिसलं, तर दोन आवृत्त्या एकत्र कोंबल्यात हे लांबूनही कळतं. बाकी गेममध्ये हा घोळ इतका उघडा पडत नाही. ‘प्लेअर्स चॉइस’चं (निन्टेंडोने गाजलेले गेम स्वस्तात पुन्हा काढले ती मालिका) खोकं आणि आत मूळ आवृत्तीचं मॅन्युअल, असे संच सर्रास दिसतात. निन्टेंडोच्या कार्ट्रिजवर, मॅन्युअलवर आणि खोक्यावर छापलेला कोड शेवटपर्यंत वाचा. शेवटची अक्षरं प्रदेश सांगतात: यूएसए म्हणजे अमेरिका, यूकेव्ही म्हणजे ब्रिटन, एनओई म्हणजे जर्मनी. तीन ठिकाणी तीन प्रदेश निघाले, तर तो ‘कंप्लीट’ कुणीतरी घरी बसून केलाय.

‘कंप्लीट’ म्हणजे नक्की काय, हेही आधी ठरवून घ्या. विक्रेत्याच्या लेखी तो बहुधा खोकं, मॅन्युअल आणि गेम इतकाच असतो. एनईएसच्या संचात कार्ट्रिजचं काळं प्लास्टिकचं कव्हर आणि जागा भरायला टाकलेला थर्माकोलचा तुकडाही येतो. सुपर निन्टेंडोत पुठ्ठ्याचा ट्रे असतो. १९९५चा अमेरिकन ‘अर्थबाउंड’ मोठ्या खोक्यात आला, कारण त्यात जाडजूड गाइड होतं, आणि खरवडून वास घ्यायची कार्डंही.

काही गेममध्ये तर छापील सामान खेळाचाच भाग आहे. एनईएसच्या ‘स्टारट्रॉपिक्स’बरोबर एक पत्र येतं. ते पाण्यात बुडवलं की ७४७ हा आकडा उमटतो, आणि तो घातल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये मेरिल या पात्राची रेडिओ फ्रिक्वेन्सी, १४०.१५, केसच्या मागच्या बाजूला छापली आहे. गेममधली पात्रं ‘केसच्या मागे बघ’ म्हणतात आणि लूज डिस्कवाला गेममध्येच शोधत बसतो. (आकडे इथे दिलेत, आता अडू नका.) स्टारट्रॉपिक्सचा संच घेताना पत्र आहे का, आणि ते आधीच भिजवलेलं आहे का, दोन्ही विचारा.

नक्कल ओळखायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मूळ खोकं ऑफसेटवर छापलेलं असतं. चित्राच्या भागात रंगीत ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतात आणि काळी अक्षरं एकसंध शाईची, कडा धारदार. नक्कल स्कॅनवरून छापतात. त्यामुळे काळ्या अक्षरातही निळे-गुलाबी ठिपके घुसतात आणि कड फाटते. बारकोडाच्या पट्ट्या आणि कॉपीराइटची बारीक ओळ इथे हे पटकन कळतं. मग खोक्याची आतली बाजू बघा. तीस वर्षांचा पुठ्ठा कडेला पिवळट असतो, नवा सगळीकडे सारखाच पांढरा. अतिनील टॉर्चवर मात्र फार विसंबू नका. नवा कागद निळा चमकतो हे खरं, पण कागदात चमक आणणारी रसायनं त्या काळातही वापरत होते.

लूज घेताना तपासणी वेगळी. निन्टेंडोच्या जुन्या कार्ट्रिज उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट (त्या खास स्क्रूंसाठीचं स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर. त्यातल्या पोकेमॉन गेमच्या नकला सुकाळ म्हणाव्या इतक्या आहेत. अस्सल लेबलवर दाबून उमटवलेले बारीक आकडे असतात, ते तिरक्या उजेडात धरल्यावर दिसतात. कार्ट्रिजच्या पिना (कन्सोलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. पितळ घासायचं पॉलिशही नको, ते वरचा सोन्याचा मुलामा खरवडून काढतं.

सेव्ह होणाऱ्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये ३ व्होल्टचा बटण-सेल असतो, एनईएस आणि सुपर निन्टेंडोत बहुधा सीआर२०३२. कन्सोल बंद असताना मेमरी त्याच्यावरच जगते. म्हणजे सीलबंद खोक्यातल्या गेमचाही सेल कारखान्यातून निघाल्या दिवसापासून उतरतोच आहे, हे सील जपणाऱ्यांना कुणी सांगत नाही. बदलताना पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल आणा. नुसत्या सेलवर थेट डाग दिलात तर उष्णतेने तो खराब होतो. अधिक-उणे बोर्डावरच्या खुणेशी जुळवा. जुना सेल निघाला की सेव्ह पुसली जाते, म्हणून ती हवी असेल तर आधी कार्ट्रिज डंपरने (कार्ट्रिजमधला डेटा वाचणाऱ्या उपकरणाने) कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

खोकं घेतलंत की पुठ्ठा सांभाळायचं काम मागे लागतं. पारदर्शक संरक्षक कव्हर पीईटी प्लास्टिकचं घ्या, पीव्हीसीचं नको. पीव्हीसीतलं मऊ करणारं रसायन बाहेर झिरपतं आणि छपाईला चिकटतं. कव्हर असलं तरी ऊन नको. लाल आणि पिवळा आधी उडतात आणि चित्र निळसर पडतं. हवेतला ओलावा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. किमतीचं स्टिकर काढायचं असेल तर हेअर ड्रायरच्या मंद हवेने गरम करा आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, हळूहळू ओढा. पुठ्ठ्याचा वरचा थर उचलला जातोय असं वाटलं की तिथेच थांबा. फाटलेल्या चित्रापेक्षा स्टिकर परवडलं.

लांबून मागवताना खोक्याच्या सहाही बाजूंचे, मॅन्युअलच्या पिनांचे आणि शेवटच्या मेमो पानांचे (टिपणं लिहायला सोडलेल्या कोऱ्या पानांचे) फोटो मागा. पिना गंजलेल्या असतात आणि मेमो पानांवर कुणाचे तरी पासवर्ड पेनने लिहिलेले असतात. पार्सलमध्ये कार्ट्रिज खोक्यातून काढून वेगळी गुंडाळायला सांगा. आत राहिली तर वाटेतल्या आपटण्याने ती झाकणाच्या घडीवर आदळत राहते आणि घडी फाटते.